दत्ता शेटेचे चार तराजू

दत्ता शेटे कसा माणूस आहे असं कुणी विचारलं, तर मी आधी हे सांगेन की तो बसत नाही. ऑस्ट्रेलियात, टूवूंबात येऊन मला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात गाडीच्या सीटखेरीज मी त्याला कुठे टेकलेलं पाहिलं नव्हतं. गणपतीच्या जेवणात हा वाढायला उभा, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात मागच्या भिंतीशी उभा. डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा आणि तो सारखा वाजता. पहिल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं, त्या किल्ल्या खिशात ठेव, माझं डोकं उठतं. त्याने ठेवल्या, आणि दोन मिनिटांनी परत काढल्या.

आमच्या गावात बस असून नसल्यासारखी. माझा मुलगा शैलेंद्र युनिव्हर्सिटीत शिकवतो, गुरुवारी त्याची लेक्चर्स असतात, आणि शहात्तराव्या वर्षी गाडी शिकायची मला हौस नाही. म्हणून दर गुरुवारी शिफ्ट संपली की दत्ता मला भाजीला घेऊन जातो. तो गुरांच्या खाद्याच्या गिरणीत फिटर आहे. साताऱ्याहून इथे शिकायला आला, मास्टर्स केलं, वर्षभर इंजिनियरची नोकरी शोधली, मिळाली नाही, गिरणीत लागला तो तिथलाच झाला. ह्याबद्दल त्याला मी कधी कुरकुरताना ऐकलं नाही. बायको मीनाक्षी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. मुलगी सावनी सोळा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत.

गिरणीतल्या एका सोबत्याने दत्ताला पुष्कळ वर्षांपूर्वी रायफल क्लबात नेलं. तिथे पालथं पडून, श्वास धरून, लांबच्या कागदावर नेम धरायचा. मला वाटतं, निवांत पडून राहायला मिळतं अशी त्याच्या आयुष्यातली तेवढीच एक जागा. शेट्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. कागदाखेरीज त्याने आजवर कशावर नेम धरलेला नाही. गिरणीतले लोक म्हणतात, मेट, तू फक्त पुठ्ठ्याचा कर्दनकाळ.

ह्या लोकांत काडतुसं घरी भरायची रीत आहे. वापरलेली पितळी नळकांडी साफ करायची, त्यांत मोजून दारू घालायची, वर नवी गोळी बसवायची. परवाना, कुलपाचं कपाट, दत्ताचं सगळं नियमाप्रमाणे. मला आधी हा प्रकार भयंकर वाटला होता. मग त्याच्या गॅरेजमध्ये एकदा डोकावले आणि आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेपेक्षा ते टेबल स्वच्छ दिसलं, तेव्हा गप्प बसले. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. दारू ठरलेल्या मापापेक्षा जास्त झाली की रायफलच्या बोल्टवर, म्हणजे काडतुसामागे बसणाऱ्या पोलादी अडसरावर, दाब वाढतो, आणि बोल्टच्या मागे नेम धरणाऱ्याचा गाल असतो.

तो गाल आता सावनीचा होता. चौदाव्या वर्षापासून तीही बापाबरोबर जाऊ लागली आणि बापापेक्षा बरी निघाली. ह्या वर्षी ती लांबच्या अंतरावर उतरणार म्हणून दत्ताने मार्चपासून काम बदललं. आधी दारू मापाच्या यंत्रातून पडायची, दांडा ओढला की ठरावीक, थेट नळकांड्यात. आता प्रत्येक काडतुसाची दारू तो वेगळी तोलू लागला.

आणि जुलैत रायफलचा बोल्ट अडकायला लागला. गोळी सुटल्यावर तो बोटाने उचलायचा असतो; सावनीला तळहाताने ठोकून उचलावा लागला. मैदानावर देखरेखीला ग्लेनिस नावाची बाई असते, माझ्याच वयाची, जन्मभर शाळेची बस चालवलेली. तिने सावनीच्या हातातून रिकामं नळकांडं घेतलं, त्याचं बूड उन्हात धरून पाहिलं आणि दत्ताला सांगितलं, दारू जास्त पडतेय. का पडतेय ते शोधून ये, नाहीतर दुकानातली काडतुसं आण.

दुकानातल्या काडतुसांनी ह्या पोरीचा नेम लागत नव्हता. शिवाय दत्ताला तो अपमान वाटला. पण खरी गोष्ट घरी झाली. मीनाक्षीने भांडण केलं नाही. ती थिएटरमध्ये टाके घालायच्या आधी कापसाचे बोळे मोजणारी बाई. तिने एकदाच सांगितलं, “कारण सांग. तराजू बदलला, आता नीट होईल, असलं नको. कारण कळल्याशिवाय माझी मुलगी त्या रायफलमागे पडणार नाही.”

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सावनीची मोठी स्पर्धा होती. दत्ताने तराजूच बदलायला घेतला.

तीन आठवडे मी भाजीच्या दुकानात दुसरं काही ऐकलं नाही. मी भेंडी मोडून बघतेय आणि हा शेजारी किल्ल्या वाजवत सांगतोय, काकू, दांडीचा तराजू बरा की बॅटरीचा? दांडीचा त्याने मार्चमध्येच घेतला होता, सरकत्या वजनांचा. त्याच्यावर संशय आला म्हणून बॅटरीचा मागवला, खिशात मावेल एवढा. त्याचा आकडा नाचतो म्हणून विजेच्या तारेवर चालणारा मोठा मागवला. दोघांचं जमेना, तेव्हा तिसरा खरा की पहिला, ह्यावर तो रात्री झोपेना. आता त्याच्या फोनवर एक स्विस तराजू होता. भारतात जाऊन यायच्या तिकिटाएवढी किंमत. तो म्हणाला की ह्या विषयावर त्याने चाळीस व्हिडिओ पाहिले आहेत.

मी सांगलीच्या कॉलेजात एकतीस वर्षं केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेतली. तराजूबद्दल बोलणारी माणसं मला ठाऊक आहेत. ज्या मुलाचं उत्तर चुकतं तो नेहमी तराजू बदलून मागतो.

स्पर्धेआधीच्या गुरुवारी मी भाजीची पिशवी गाडीत टाकली आणि म्हटलं, घरी नको, तुझ्या गॅरेजमध्ये चल.

तो इतका खूश झाला की दोन सिग्नल तो बोललाच नाही.

गॅरेजमध्ये चार तराजू निघाले. चौथा फळीवर, टॉवेलात गुंडाळलेला: पितळी, दोन पारड्यांचा. दत्ताच्या वडिलांचं साताऱ्यात काष्ठौषधींचं दुकान होतं. सुंठ, ज्येष्ठमध, हिरडा, ओवा, केशर. जानेवारीत ते गेले. दत्ता दिवस करून आला, दुकान भावाने भाड्याने दिलं, आणि हा तराजू दत्ताच्या बॅगेतून इथे आला. विमानतळावर त्याचा काटा कसा दोनदा तपासला गेला ते त्याने मला सांगायला घेतलं, पण माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता.

मी कामाला लागले. ऑगस्टमध्ये आमच्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो, कोरडा, घरात शिरून दारं आपटणारा. आधी गॅरेजचं दार लावलं, फटीत पोतं कोंबलं. टेबलावर पातळी बघायची पाण्याची नळी ठेवली; टेबल सरळ होतं. त्याचा फोन बाहेर ठेवायला लावला. किल्ल्याही ठेवायला लावल्या. तारेवरचा तराजू अर्धा तास नुसता चालू ठेवला, कारण थंड तराजू सुरुवातीला मनाला येईल ते सांगतो. त्या अर्ध्या तासात दत्ता गॅरेजमध्ये एवढ्या फेऱ्या घालत होता की मी त्याला बाहेर बागेला पाणी घालायला पाठवलं.

मग प्रमाण वजन ठेवून तिन्ही तराजू तपासले. प्रत्येकावर दहा वेळा. पारड्याच्या मधोमध, मग कडेला. बॅटरीचा पाचव्यांदा हलला, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला डीप फ्रीजर घुर्र करून चालू झाला.

“सापडलं!” दत्ता म्हणाला.

त्याने फ्रीजरची वायर ओढून काढली, सावनीला हाक मारली, काकूंनी कारण शोधलं म्हणून सांगितलं. ती दारात येऊन उभी राहिली, हातात टोस्ट. मला काही पटलं नव्हतं. फ्रीजर बंद ठेवून तपासणी पुरी केली. तिन्ही तराजू शहाण्यासारखे वागले. पण फ्रीजरने तराजू थरथरला तर तो कधी जास्त सांगेल, कधी कमी. मी दत्ताला विचारलं, भरून ठेवलेली काडतुसं आहेत का? साठ होती. म्हटलं, त्यातली वीस उघड.

त्यासाठी हातोडीसारखं एक अवजार असतं. काडतूस त्यात अडकवून आपटलं की गोळी सुटते आणि दारू बाहेर येते. दत्ता आपटत गेला, सावनी तोलत गेली, मी लिहीत गेले. ही मंडळी ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे गुंजेच्या अर्ध्याहून थोडं जास्त. विसांच्या विसांत दारू जास्त निघाली. कुठे पाव ग्रेन, कुठे अर्धा, दोन-तीन काडतुसांत पाऊण. कमी एकाही काडतुसात नव्हती.

मी कागद त्याच्यापुढे धरला. म्हटलं, बघ. वारा असो, फ्रीजर असो, तराजू बिघडला तर निम्म्या वेळा कमी दाखवेल. वीसच्या वीस एकाच बाजूला जातात, आणि दर वेळी वेगवेगळे. हे यंत्राचं काम नाही.

“मग कुणाचं?” दत्ता म्हणाला.

मी त्याला दांडीच्या तराजूवर एक माप काढून दाखवायला सांगितलं.

त्याने चमच्याने दारू पारड्यात घातली. शेवटचे दाणे पाडायला एक नळी असते, बोटाने फिरवली की एकेक दाणा पडतो. फार सुंदर हात आहे त्याचा, हे कबूल केलं पाहिजे. काटा बरोबर मध्यावर आला. त्याने श्वास सोडला. उजव्या हाताने पारडं उचललं आणि नळकांड्याकडे नेलं. आणि नेता नेता डावा हात शेजारच्या वाटीत गेला, अंगठा आणि बोट, आणि चिमटीभर दारू वरून पारड्यात पडली. नळ बंद केल्यावर माणूस हात झटकतो ना, तसं. त्याचे डोळे नळकांड्याच्या तोंडावर होते.

मी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. तारेवरच्या तराजूवर करायला सांगितलं. आकडा आला, पारडं उचललं, चिमूट. तराजूने आपलं काम केलं होतं आणि त्याच्या पाठीमागे हा हात चालला होता.

“दत्ता,” मी म्हटलं, “तू वरून काय टाकतोस?”

“कुठे काय?”

“डाव्या हाताने.”

“काकू, डावा हात मी लावतच नाही.” त्याला खरंच राग आला होता. तो सांगू लागला की आपण किती काळजीने काम करतो, मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे, आपण असं कसं करू, गिरणीत आपल्या हाताखाली कधी एक नट ढिला राहिलेला नाही.

सावनीने टोस्ट फ्रीजरवर ठेवला होता आणि फोन काढला होता. ती म्हणाली, “डॅड, वन मोअर. जस्ट डू वन मोअर.”

त्याने चौथं माप काढलं. चिडून काढलं, तरी काटा मध्यावर आणूनच थांबला. मग तिने फोन त्याच्यापुढे धरला.

त्याने एकदा पाहिलं. फोन हातात घेऊन परत पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना त्याचा अंगठा आणि बोट आपोआप जवळ आले, आणि ते त्याला दिसलं.

दत्ता शेटे रंगाच्या डब्यावर बसला.

 मला बसून राहणारी माणसं सोसत नाहीत.  मग तो बोलला, माझ्याशी नव्हे, त्या डाव्या हाताशी बोलावं तसा. आठव्या वर्षी वडिलांनी त्याला गल्ल्याशेजारी उभं केलं. काटा मध्यावर आला की माल गिऱ्हाइकाचा झाला, पण दुकानदाराचं काम संपलं नाही. पारडं उचलून पुडीत ओतताना वरून एक चिमूट. ओवा असो नाहीतर केशर. ते विसरलं की वडील सगळ्यांदेखत पुडी उघडायला लावायचे. चौदा वर्षं तो तिथे उभा होता. चमचा खाली ठेवावा तसं ते झालं होतं; करतोय हे कळायचं कारणच नव्हतं. इथे आल्यावर वीस वर्षं त्याने काही तोललं नाही. यंत्राचा दांडा ओढला, काम झालं. मार्चमध्ये पहिल्यांदा पारडं हातात घेतलं, आणि हाताला सगळं आठवलं.

“माझ्या हातून कुणाला कधी कमी गेलेलं नाही, काकू,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “तेच तर झालंय.”

मला त्या वेळी त्याच्याशी मऊ बोलता आलं असतं. पण शनिवार परवावर होता, उरलेली चाळीस काडतुसं उघडायची होती आणि पन्नास भरायची होती. मी म्हटलं, आता ऊठ.

मीनाक्षी पाचला आली, हॉस्पिटलच्या कपड्यांतच. सावनीने तिला व्हिडिओ दाखवला. तिने तो थांबवून थांबवून पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हसेल किंवा ओरडेल. तिने विचारलं, “आणि उद्या हात विसरला तर?”

सावनी म्हणाली, मग मी तोलते. दत्ता म्हणाला, नाही, मीच. मीनाक्षी म्हणाली, सावनीच. हे मराठी-इंग्रजीत दहा मिनिटं चाललं आणि मला घरी जाऊन भाजी निवडायची होती. प्रयोगशाळेत हात सैल असणाऱ्या मुलांसाठी माझा एक उपाय असायचा: रिकाम्या हाताला काम द्यायचं. मी दत्ताच्या किल्ल्या आणल्या आणि त्याच्या डाव्या मुठीत दिल्या. म्हटलं, मूठ मिट आणि पाठीमागे ने. दारूची वाटी उजवीकडे, पारड्याच्या पलीकडे. प्रत्येक माप सावनी दुसऱ्या तराजूवर परत तोलेल, मगच नळकांड्यात. मीनाक्षीला पटलं. दुहेरी मोजणी तिला नेहमीच पटते.

शुक्रवारी दुपारी त्यांनी पन्नास काडतुसं भरली. मी तिथे खुर्ची टाकून बसले होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसून माझं लक्ष लागेना. काटा मध्यावर यायचा, दत्ता पारडं उचलायचा, आणि पाठीमागे किल्ल्या खण्णकन वाजायच्या. दर वेळी. पहिल्या दहा मापांना सावनी हसली. मग कुणी हसेना. विसाव्याला त्याच्या कपाळावर घाम आला. बाहेर वाऱ्याने माणसं कानटोप्या घालून फिरत होती. पस्तिसाव्याला मी विचारलं, दमलास का? तो म्हणाला, हात ओढ घेतोय. पन्नासावं झालं तेव्हाही किल्ल्या वाजल्याच. त्यांतली पाच मीनाक्षीने स्वतः निवडून उघडायला लावली. पाचही बरोबर भरली. ती पाच परत भरली. परत पाचदा खण्ण.

शनिवारी शैलेंद्रने मला मैदानावर सोडलं आणि तो पळाला, त्याला आवाज सोसत नाही. ग्लेनिसने दत्ताला विचारलं की कारण सापडलं का. दत्ताने ते इंग्रजीत सांगितलं. सांगताना डाव्या हाताची चिमूट करून दाखवली. ती म्हणाली, तिच्या आईचंही किराण्याचं दुकान होतं, वॉरिक गावात, ती गिऱ्हाइकांना बिस्किटं जास्त घालायची आणि दुकान बुडालं. मग म्हणाली, पहिली गोळी झाली की बोल्ट मी उचलणार.

सावनी पालथी पडली. गाल रायफलला लावला. मीनाक्षी माझ्या शेजारी उभी होती, तिने माझं मनगट धरलं होतं, नर्सच्या हाताने, नाडी मोजावी तसं. दत्ता आमच्या मागे. किल्ल्यांचा आवाज येत होता, मग थांबला.

बार झाला. ग्लेनिस वाकली. तिने करंगळी बोल्टच्या दांड्याखाली घातली आणि वर केली. दांडा आला, सरळ, काही न अडता. रिकामं नळकांडं तिने उन्हात धरून पाहिलं आणि आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. मीनाक्षीने माझं मनगट सोडलं. सावनीने वळूनही पाहिलं नाही. तिने दुसरं काडतूस घातलं.

ती पाचवी आली. पहिल्या चारांत सगळी माणसं तिच्या दुप्पट वयाची होती. बक्षीस मिळालं नाही, त्याबद्दल ती घरी येईपर्यंत फुगून होती, जे योग्यच आहे.

परतताना मला दत्ताने सोडलं. मीनाक्षी आणि सावनी दुसऱ्या गाडीत होत्या. त्याने माझ्या हातात कागदाची एक पुडी दिली. त्याच्या घरातला ओवा, वडिलांच्या तराजूवर तोललेला. शंभर ग्रॅम आहे म्हणाला. मी हातात तोलून पाहिला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत राहिला.

गाव जवळ आलं तेव्हा त्याने घसा खाकरला. म्हणाला, “काकू, तो स्विस तराजू आहे ना. म्हणजे तराजूत दोष नव्हता हे खरंच. पण पुढच्या वर्षी अंतर वाढणार आहे.”

मी म्हटलं, गाडी चालव.

सिग्नलला थांबलो तेव्हा त्याचा डावा हात गिअरपाशी किल्ल्या शोधत होता.